परंड्याच्या दरवाजातली दोन माणसं

हौशी फोटोवाल्यांच्या बैठकीला मला कधीमधी बोलावतात. या वयातही कॅमेरा गळ्यात अडकवून बारवा, देवळं आणि पडके दरवाजे हिंडणारा माणूस म्हणून माझं तिथं कौतुक होतं. मग कुणीतरी हमखास विचारतं, ‘काका, तुमचा पहिला जमलेला फोटो कोणता?’ मी सांगतो, परंड्याच्या किल्ल्यातली तोफ. लोक माना डोलावतात. हे खोटं आहे. तोफेचा फोटो मी पुष्कळ नंतर काढला आणि तो तितकासा जमलाही नाही. माझा पहिला जमलेला फोटो वेगळा होता, आणि त्यानं आमचं घर मोडलं. ती हकिकत मी आजवर टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही. थोरला भाऊ अप्पा शेवटच्या दिवसांत दवाखान्यात होता तेव्हा त्याच्या उशाशी मीच बसून असायचो, त्यालाही नाही. ज्यांचा ऐकायचा हक्क होता ती दोन्ही माणसं आता नाहीत. मग लिहून काय उपयोग, असं मन म्हणतं. त्या काळातही माझं मन असंच काहीतरी सोयीचं म्हणायचं, म्हणून आता त्याचं ऐकायचं नाही असं ठरवलंय.

आमचं घर परंड्यात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. माळवदाचं, जाड भिंतींचं. भर उन्हातून आत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढं नुसता काळोख, आणि मग हळूहळू उतरंड, दळणाचं जातं, दोरीवरची घोंगडी अशी एकेक वस्तू दिसायला लागायची. पहाटे कुर्डुवाडीची गाडी सुरू होताना जो घरघराट करायची, त्यावर आमचं घर उठायचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. थोडीशी जिरायती जमीन होती, ती करायचे आणि फार बोलायचे नाहीत. बोलायचं काम आईकडं होतं. अप्पा कुर्डुवाडीला रेल्वेत लागला होता. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. त्याचं लग्न होऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. वहिनी ईट गावची. वयानं माझ्यापेक्षा थोडीच मोठी, पण मी तिला अहो-जाहो करायचो आणि ती मला भावजी म्हणायची. ती आल्यापासून आमच्या जेवणाला चव आली, हे आई सोडून सगळे कबूल करत. हुलग्याचे शेंगोळे ती असे करायची की लसणाच्या वासानं शेजारची पोरं ओट्यावर येऊन बसायची. शनिवारी तिसऱ्या प्रहरानंतर तिचं लक्ष कशात नसायचं. भाकरी थापता थापता हात थांबायचा, गाडीचा आवाज आला की मान वळायची. आई म्हणायची, ‘अगं ती बार्शीची गाडी हाय. तुझ्या नवऱ्याच्या गाडीचा आवाज तुला कळंना व्हय अजून?’ वहिनी हसून तोंडाला पदर लावायची.

मला फोटोचं वेड लागलं होतं. सोलापूरच्या मामांनी त्यांचा जुना डबा कॅमेरा मला दिला होता. आजच्या पोरांना सांगावं लागतं म्हणून सांगतो. त्यात फिल्मची गुंडाळी बसवायची. एक फोटो काढला की वरची चावी फिरवून फिल्म पुढं सरकवायची. पाठीमागं तांबड्या काचेची बारीक खिडकी असायची, तिच्यात पुढचा आकडा दिसला की थांबायचं. चावी फिरवली नाही तर कॅमेरा अडवत नसे. तुम्ही पुन्हा खटका दाबला तर तो निमूट त्याच तुकड्यावर दुसरा फोटो चढवायचा. स्टँडसमोर मुन्शीचाचांचा स्टुडिओ होता, त्यांनी मला हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ‘बेटा, खटका दाबायच्या आधी चावी फिराने की. हर टाइम. आधी चावी, मग खटका.’ मी तसंच करायचो. पण त्या सुमाराला कुठल्याशा मासिकात मी वाचलं की खरा फोटोग्राफर फोटो काढल्याबरोबर फिल्म पुढं घेतो, म्हणजे कॅमेरा कायम तयार राहतो. मला खरा फोटोग्राफर व्हायचं होतं. मी चाचांची रीत सोडली आणि नव्या गुंडाळीपासून ही दुसरी धरली.

माझी आणखी एक ऐट होती. मला माणसांपेक्षा दगडी बांधकामात गोडी आहे, असं मी सांगत फिरायचो. घरात कुणी म्हणालं, ‘माझा एक काढ,’ तर नाक मुरडायचो. दादांनी आधीच दम दिला होता, ‘एक जरी फुकट गेला तर त्यो डबा मामाकडं परत जाईल.’ त्यामुळं माझा एकही फोटो वाया जात नाही, हे मी घरीदारी इतकं सांगून ठेवलं होतं की ते माझंच मला खरं वाटायला लागलं होतं.

नामदेव कंडक्टर हा वहिनीच्या गावचा. ईटकडच्या गाडीवर असायचा. वहिनीची आई त्याच्याबरोबर कारळ्याची चटणी, कधी वाळवणं पाठवायची. तो आमच्या दाराशी येऊन पिशवी ओट्यावर ठेवायचा आणि उंबऱ्याबाहेरूनच ओरडायचा, ‘आक्का, ईटची टपाल आली!’ वहिनी आतूनच गावच्या चार गोष्टी विचारायची, तो उभ्या उभ्या सांगायचा आणि निघायचा. आईला तेवढंही खपत नव्हतं. ‘गावचा भाऊ म्हणायचं आन् हसायचं,’ असं ती भांडी आपटत म्हणायची.

एका दुपारी मी किल्ल्याच्या दरवाजाशी कॅमेरा घेऊन उभा होतो. उन्हं समोरून पडली होती, कमानीचा दगड न् दगड उजळला होता आणि कमानीच्या आत मिट्ट काळोख. गाडी सुटायला अवकाश होता म्हणून नामदेव हिंडत तिकडं आला. ‘फोटोग्राफर, माझाबी एक हून जाऊ द्या.’

‘कशाला?’

‘पोरीकडच्यांना दावायला. जमत आलंय माझं. नुसतं नाव सांगून कोण पोरगी देतंय? नाव हाय नामदेव, त्यांला वाटायचं म्हातारा हाय.’

मी हसलो आणि त्याला कमानीपुढं उभा केला. पण मला दरवाजा हवा होता, म्हणून म्हणालो, ‘मधी नको, डावीकडं सरका. अजून सरका.’

‘अवो, फोटू माझा हाय का दरवाजाचा?’

मी खटका दाबला. तेवढ्यात स्टँडवरून ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, नामदेव पिशवी छातीशी धरून पळत सुटला, आणि त्याची ती धांदल बघत हसत मीही मागोमाग चालायला लागलो. चावी फिरवायची राहिली. चाचांची जुनी रीत धरली असती तरी पुढच्या वेळी सुटलो असतो. नव्या रीतीप्रमाणं मी समजत होतो की चावी फिरवून झालीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि दादा रानात गेले होते. ऊन आमच्या दारावर आलं होतं. दाराची एक फळी, धुरानं काळी झालेली, लोटलेली होती. दुसरी उघडी, आणि उघड्या दारात आतला काळोख. काल किल्ल्यात दिसलं तेच मला आज घरी दिसलं. वहिनी जोंधळे पाखडत होती. मी म्हणालो, ‘वहिनी, दारात उभ्या राहा. अप्पाला देऊ.’ ती आधी नको म्हणाली, मग उठली, हात पुसले, उजवीकडच्या उघड्या दारात येऊन उभी राहिली. अगदी ताठ, साक्षीला उभी केल्यासारखी.

‘वहिनी, असा फोटो बघून अप्पा घाबरेल.’

‘मग काय करू? म्या काय नाटकातली हाय व्हय, भावजी?’

‘असं समजा, मी कुणी नाही. अप्पा आलाय. आत्ता गल्लीच्या तोंडाशी आलाय.’

तिनं डावीकडं, गल्लीच्या दिशेनं बघितलं आणि हसली. पदर डोक्यावरून खांद्यावर आला, तो सावरायचंही तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आयुष्यात मी हजारो फोटो काढले असतील. माणसाचा चेहरा तसा उजळलेला मी पुन्हा पाहिला नाही. मी खटका दाबला.

गुंडाळी संपल्यावर चाचांकडं टाकली. शनिवारी अप्पा गाडीतून उतरला तेव्हा चाचा दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी हाक मारून पाकीट त्याच्या हातात दिलं. वहिनी कधी स्टुडिओत गेलेली नव्हती, चाचा तिला ओळखत नव्हते. ते भलेपणानं म्हणाले, ‘तुझ्या भावाचे हैत. छोरा तयार झाला बघ. एक जोडा तर असा झकास उतरलाय, पाव्हणे हैत का तुमचे?’

अप्पा घरी आला आणि चप्पल न काढता आत आला. वहिनी तांब्या भरून पुढं झाली. त्यानं तो घेतला नाही. खिशातून फोटो काढून तिच्यापुढं धरला. ‘किल्ल्यात कवा गेल्तीस?’

‘किल्ल्यात? म्या न्हाय गेले.’

‘मग ही कोण? तुझी भन?’

फोटो हातोहात फिरत माझ्याकडं आला. मला बघताक्षणी कळलं. किल्ल्याची कमान, तिच्यापुढं डावीकडं नामदेव, उजवीकडं वहिनी. जिथं वहिनी होती तिथं किल्ल्याच्या फोटोत काळोख होता, जिथं नामदेव होता तिथं घरच्या फोटोत काळी फळी होती. दोघंही लखलखीत, सगळे अवयव जागच्या जागी. पदर पडलेला, आणि ती त्याच्याकडं बघून हसत होती. फोटो म्हणून तो इतका सुंदर होता की क्षणभर, देवा शपथ, मला अभिमान वाटला.

‘अगं आई गं,’ आई म्हणाली. ‘भाऊ म्हणं. भावापुढं असा पदर पडतोय व्हय?’

वहिनी फोटोवर वाकली होती. ती रडत नव्हती. नीट बघत होती. एकाएकी तिनं बोट ठेवलं. ‘हे बघा. ही आपली चौकट हाय. कमानीच्या आत, ही बघा पुसट. ह्यो चुन्याचा ठिपका दिसतोय न्हवं, आपल्या चौकटीवरचा? म्या दारात उभी व्हते. भावजींनीच उभी केल्ती.’

शाळेचं तोंड न बघितलेल्या त्या मुलीनं तो फोटो बरोबर वाचला होता. आईनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, ‘दगडावरची नक्षी हाय ती.’ अप्पानं माझ्याकडं पाहिलं. ‘दत्ता, तू काढलास ना? ही दोघं तिथं उभी व्हती का न्हवती?’

‘भावजी, सांगा की,’ वहिनी म्हणाली.

फक्त एवढं सांगायचं होतं की माझ्याकडून चावी फिरवायची राहिली. लहान पोरही सांगेल. दादा दारात उभे होते. मला मामाकडं परत जाणारा कॅमेरा दिसला. ज्यांच्यापुढं फुशारक्या मारल्या ते सगळे हसताना दिसले. मी फोटोवरची नजर न हलवता म्हणालो, ‘मी दरवाजाचा फोटो काढत होतो. माणसं कोण होती, माझं लक्ष नव्हतं.’

‘माझ्याकडं बघून बोला, भावजी.’

मी पाहिलं नाही. आज वाटतं, नुसतं ‘होय, उभी होती’ असं म्हणालो असतो तरी ते कमी वाईट ठरलं असतं. तिला भांडता आलं असतं. माझ्या वाक्याचा दुसरा भाग खोटा होता, पण तो तिला धरता येण्याजोगा नव्हता, आणि पहिला तर खराच होता. मी खरोखरच दरवाजाचा फोटो काढत होतो.

अप्पा तसाच स्टँडवर गेला. नामदेवला त्यानं लोकांदेखत गाडीतून खाली ओढून मारलं. नामदेव आधी ‘अवो दाजी, काय झालं ते तरी सांगा’ असं विचारत राहिला, मग विचारायचा थांबला. त्याचं जमत आलेलं लग्न मोडलं असं नंतर कानावर आलं. तो दुसऱ्या डेपोला बदली घेऊन निघून गेला. रविवारी आईनं वहिनीचं बोचकं बांधलं. दादा तिला ईटला सोडायला गेले. अप्पा माळवदावर जाऊन बसला होता. जाताना ती उंबऱ्यातून बाहेर पडली आणि थांबून चौकटीवरचा तो चुन्याचा ठिपका पाहिला, एवढंच.

आठवडाभरानं चाचांनी मला दुकानात बोलावून दार लोटलं. त्यांच्या हातात निगेटिव्ह होती. ‘अरे बेटा, ये तो एक पे एक चढ गया रे! गर्दीत माझ्याबी ध्यानात आलं न्हाय. लोक स्टँडवरच्या मारामारीचं काहीबाही बोलतेत, म्हणून मी पुन्हा काढून बघितली. घरी सांगितलास ना तू?’

‘सांगितलं,’ मी म्हणालो.

‘मग झालं? मिटलं?’

‘मिटलं.’

‘अल्ला का शुकर,’ असं म्हणून त्यांनी निगेटिव्ह माझ्या हातात ठेवली आणि मला चहा पाजला. तो चहा मी प्यालो. तेव्हा अप्पाचा राग ओसरला होता. तो जेवत नव्हता, गाडीचा आवाज आला की आता त्याची मान वळायची. मी बोललो असतो तर तो त्याच पावली ईटला गेला असता. पण आता नुसतं चावीचं सांगून भागणार नव्हतं. इतके दिवस गप्प का बसलास, हेही सांगावं लागलं असतं. दिवस जाईल तसं ते सांगणं जड होत गेलं. घरी आलो, अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटला होता, त्यात निगेटिव्ह टाकली. भुर्रकन जळाली.

अप्पानं पुढं दुसरं लग्न केलं. दुसरी वहिनी स्वभावानं चांगली होती, संसार झाला, मुलंबाळं झाली. मी नोकरी केली आणि फोटो काढत राहिलो. माणसं मला जमेनात. कुणी समोर येऊन हसलं की मी कॅमेरा खाली घ्यायचो, म्हणून मी रिकामे दरवाजे, ओस बारवा, माणूस नसलेले सभामंडप काढत गेलो. जाणकार म्हणतात, माझ्या फोटोत एकांत बोलतो. मी नमस्कार करतो.

निवृत्त झाल्यावर, अप्पा हयात असतानाच, मी एकदा ईटला गेलो. देवळाचे फोटो काढायचे आहेत असं घरी सांगितलं होतं. एसटीत खिडकीशी बसून सगळी वाट एक वाक्य घोकत होतो: ‘वहिनी, चावी फिरवायची मी विसरलो होतो, आणि ते मला त्याच घटकेला कळलं होतं.’ दुसऱ्या अर्ध्या भागाशी दर वेळी अडायचो, मग पुन्हा पहिल्यापासून. घर विचारत विचारत गेलो. ती भावाच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे, हात रानात राबून काळे झालेले. तिनं दुसरं लग्न केलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तिच्या भाच्याची बायको पुढं आली आणि ‘कोण पायजे?’ म्हणाली.

म्हातारीनं माझ्याकडं, मग गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं पाहिलं. ‘फोटूवाले पाव्हणं हायती, परंड्याकडचे. चा टाक त्यांला. बसा, पाव्हणं.’

मी बाजेवर बसलो. तिनं पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

‘चष्मा लागला म्हणायचा तुमालाबी,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘घरी समदी बरी हायती?’

‘बरी आहेत.’

‘अप्पा?’ तिनं विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, ‘असतील बरं.’

माझा हात उगाच कॅमेऱ्याकडं गेला. ती शेंगांवरून नजर न उचलता म्हणाली, ‘माझा नगा काढू. तिकडं देवळाला लई जुना दरवाजा हाय, त्यो काढा. दरवाजे तुमाला चांगले जमत्यात.’

चहा आला. ती घटका होती, भाच्याची बायको आत गेली होती. वाक्य तोंडात तयार होतं, पण ते सुरू होत होतं ‘वहिनी’पासून. ज्या घराच्या नात्यानं मी तिला तसं म्हणायचो त्या घरातून तिला मीच काढलं होतं. ‘ताई’ म्हणावं तर नामदेवचं ‘आक्का’ माझ्या कानात होतं. तशी हाक मारूनही त्यानं मार खाल्ला होता. ‘बाई’ म्हणावं तर ती अनोळखी झाली. हाक मारल्यावाचून माफी कशी मागतात, मला येत नव्हतं. मी चहा पीत राहिलो. तिनं हातातलं काम थांबवलं होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. बराच वेळ, वाट बघितल्यासारखी. कपात काही उरलं नाही. मी तो बाजेखाली ठेवला, उठलो आणि म्हणालो, ‘बरंय, येतो.’